शालिहोत्राचे नाव आणि घोड्याचा जीव

‘पर्यायी चिकित्सा’ या शब्दाला गेल्या दोन-तीन दशकांत आपल्या समाजात विलक्षण प्रतिष्ठा प्राप्त झाली आहे. पाश्चात्त्य औषधांच्या दुष्परिणामांना कंटाळलेला मध्यमवर्ग मोठ्या विश्वासाने तिकडे वळला. त्यात काही गैर नाही. स्वतःच्या देहावर कोणता उपचार करून घ्यावा, हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक सज्ञान माणसाला आहे. परंतु ही लाट आता माणसापुरती राहिलेली नाही. ती घोड्यांच्या तबेल्यांतही पोहोचली आहे. धनिकांच्या अश्वशाळांत लंगड्या घोड्याच्या पायाला चुंबके बांधली जातात, त्याच्या अंगावरून हात फिरवून ‘ऊर्जा’ दिली जाते, साबुदाण्याएवढ्या गोळ्या चारल्या जातात. थंड हवेच्या ठिकाणी पर्यटकांना पाठीवरून फिरविणाऱ्या गरीब तट्टूच्या वाट्याला हे शौक येत नाहीत. त्याच्या वाट्याला येतो तापवलेल्या सळईचा डाग आणि बाटलीने घशात ओतलेला काढा. या दोन्ही टोकांना एकच गोष्ट समान आहे. तो उपचार घोड्याने निवडलेला नाही आणि त्याने गुण आला की नाही, हे सांगण्यासाठी त्याला वाचा नाही.

या साऱ्या गोंधळाला एक भारदस्त नाव दिले जाते, ते शालिहोत्राचे. ‘हे आपले प्राचीन अश्वशास्त्र आहे’ असे एकदा म्हटले, की प्रश्न विचारणारा आपोआप संस्कृतिद्रोही ठरतो. आमचा आक्षेप नेमका येथे आहे.

शालिहोत्राचे नाव घेण्यापूर्वी ते नाव कशासाठी मोठे झाले, याचा विचार करावयास हवा. घोड्याच्या वैद्याला हिंदुस्थानभर ‘सालोत्री’ म्हणत. इंग्रजांच्या घोडदळातही हा शब्द रूढ होता. एका ऋषीचे नाव एका संपूर्ण व्यवसायाचे नाव व्हावे, असा मान फार थोड्यांच्या वाट्याला येतो. महाभारतातील नकुल विराटाच्या घरी ग्रंथिक नावाने अश्वपाल म्हणून राहिला, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्याच नकुलाच्या नावावर अश्वचिकित्सेचा ग्रंथ आहे. जयदत्तसूरीचा ‘अश्ववैद्यक’ आहे. चालुक्य नृपती सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त अश्वांचा विस्ताराने विचार आहे. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात मनुष्य आणि पशू या दोहोंच्या चिकित्सेची व्यवस्था केल्याचा उल्लेख आहे. शालिहोत्राच्या परंपरेतील ग्रंथांचे फारसीत अनुवाद झाले. परक्या सत्ताधीशांनाही घोडे राखण्यासाठी हे ज्ञान लागत होते, हे त्याचे कारण. भीमेच्या काठच्या भीमथडी तट्टांवर ज्या महाराष्ट्राने दौलत उभी केली, त्या महाराष्ट्राला घोड्याचे मोल नव्याने सांगावे लागू नये.

परंतु या ग्रंथांत आहे तरी काय? केवळ चूर्णे आणि मंत्र आहेत, अशी समजूत असणाऱ्यांनी ते उघडूनही पाहिलेले नसतात. दातांवरून घोड्याचे वय कसे ओळखावे, चालीतील दोष कोणते, कोणत्या ऋतूत चारा कोणता आणि पाणी किती, परिश्रमानंतर विश्रांती कशी द्यावी, शूळ उठलेला घोडा कसा वागतो, अशा निरीक्षणांनी ते भरलेले आहेत. दातांची परीक्षा तर आजचा पशुवैद्यही करतो. हे निरीक्षण कोण्या एका माणसाला एका रात्रीत स्फुरलेले नाही. पिढ्यान्‌पिढ्या पागेत उभे राहून, खरारा करता करता, मेलेल्या आणि वाचलेल्या घोड्यांचा हिशेब ठेवून ते जमविलेले आहे. ही खरी परंपरा. तिच्यातील पाहण्याची सवय टाकून देऊन केवळ नाव तेवढे डब्यावर छापणे, याला परंपरेचा अभिमान म्हणता येत नाही. ती परंपरेची विक्री आहे.

शूळाचेच उदाहरण घेऊ, कारण घोड्याच्या मृत्यूचे ते फार मोठे कारण आहे. घोड्याला उलटी होत नाही. त्याच्या अन्ननलिका आणि जठर यांच्या सांध्यावरील स्नायू इतका घट्ट असतो, की एकदा आत गेलेले परत वर येत नाही. जठर देहाच्या मानाने लहान, जेमतेम आठ ते पंधरा लिटरांचे. त्यापुढे वीस मीटरांहून लांब असे लहान आतडे आणि चारा आंबवून पचविणारे अवाढव्य मोठे आतडे. त्या मोठ्या आतड्याचा बराच भाग पोटात मोकळा असतो. तो सरकतो, अडकतो, क्वचित पीळ खातो. पीळ पडला की रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत आतडे मरू लागते. अशा घोड्याला तातडीची शस्त्रक्रिया हाच एक मार्ग उरतो. मात्र ही वेळ थोड्यांवर येते. पोटशूळाचे बहुसंख्य प्रसंग वायूचे किंवा साध्या अवरोधाचे असतात. ते थोड्या औषधाने, थोडे चालविल्याने, कित्येकदा काहीही न करता मावळतात.

घरगुती उपचारांची सारी प्रतिष्ठा या शेवटच्या वाक्यात दडलेली आहे. दहा घोड्यांना ओवा-हिंगाचा काढा दिला. त्यातले आठ उठून चारा खाऊ लागले. गावभर काढ्याची कीर्ती झाली. हे आठ काढा न देताही उठले असते काय, हा प्रश्न कोणीच विचारला नाही. उरलेल्या दोघांबद्दल ‘त्यांचे आयुष्य संपले होते’ एवढेच म्हटले गेले. त्या दोघांना मात्र जे काही तास हाताशी होते, ते काढा उकळण्यात आणि गुण येण्याची वाट पाहण्यात गेले. काढ्याने त्यांना मारले नाही, काढ्याने त्यांचा वेळ खाल्ला. शिवाय मान वर ताणून बाटलीने पाजलेले औषध श्वासनलिकेत उतरण्याचा धोका मोठा असतो. त्यातून फुप्फुसाचा दाह होतो आणि पोटशूळाने न मेलेला घोडा त्याने मरू शकतो. प्रशिक्षित पशुवैद्य नाकातून जठरापर्यंत नळी घालतो. ती औषध देण्यासाठी असते, तशीच कोंडलेला द्रव आणि वायू बाहेर काढण्यासाठीही असते. ज्याला उलटी करता येत नाही त्या प्राण्याचे फुटू पाहणारे जठर रिकामे करण्याचा हा मार्ग आहे. कोणत्याही चूर्णाला हे काम करता येत नाही.

दुसरी गोष्ट जखमांची, आणि ती आपल्यापैकी अनेकांना झोंबेल. उघड्या जखमेवर शेण किंवा माती लिंपण्याची पद्धत अद्याप पुरती गेलेली नाही. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि जनावरांच्या विष्ठेत, विशेषतः घोड्याच्या लिदीत, सुप्तावस्थेत वर्षानुवर्षे टिकतात. पाळीव प्राण्यांमध्ये घोडा धनुर्वाताला सर्वाधिक बळी पडणारा. नाल ठोकताना खिळा खोल गेला, खुरात काच शिरली, की एवढेसे छिद्र पुरते. गोमयाचे माहात्म्य शेताच्या मातीत आहे, भेगाळलेल्या खुरात नाही. दैव असे, की या रोगावरची प्रतिविषलस माणसाला मिळाली ती घोड्याच्याच रक्तातून. १८९० साली बेहरिंग आणि कितासातो यांनी प्रतिविषाचा शोध लावल्यानंतर घोड्यांच्या रक्तद्रवापासून ही लस तयार होऊ लागली. आपल्या मुंबईच्या हाफकिन संस्थेची सर्पविषावरील लसही घोड्यांच्याच देणगीतून आली. ज्या प्राण्याच्या रक्ताने असंख्य माणसे वाचली, त्याला धनुर्वाताची स्वस्त लस टोचण्याऐवजी शेण लिंपावयाचे, याला कृतज्ञता म्हणायचे काय?

डाग देण्याविषयीही हेच. सुजलेल्या शिरेवर, दुखऱ्या सांध्यावर लाल सळई टेकवावयाची आणि म्हणायचे, आतील दोष बाहेर पडतो. येथे आपल्या पाश्चात्त्यभक्त मंडळींनी उगाच नाक मुरडू नये. डागण्याची ही प्रथा युरोपातही शतकानुशतके होती आणि इंग्लंडच्या शर्यतींच्या घोड्यांवर विसाव्या शतकातही सर्रास चालत असे. फरक पुढे पडला. ब्रिस्टल येथील संशोधकांनी पायाच्या स्नायुरज्जूंच्या दुखापतींचा पद्धतशीर अभ्यास केला. १९८३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की डागण्याने दुखापत लवकर किंवा अधिक चांगली भरून येत नाही. घोड्याला जो काही लाभ होतो तो सक्तीच्या विश्रांतीचा. १९९१ साली तेथील पशुवैद्यांच्या राजमान्य संस्थेने ही पद्धत अनैतिक ठरविली. आजोबा-पणजोबांच्या प्रथेविरुद्ध निर्णय देताना त्यांना संस्कृती बुडाल्यासारखे वाटले नाही. आपल्याकडे डागलेला घोडा महिनाभर बांधून ठेवतात, तो बरा होतो आणि श्रेय सळईला मिळते.

आता तबेल्यातील त्या गोळ्यांकडे वळू. होमिओपॅथीला आपल्या घरोघरी ‘आपली’ चिकित्सा समजण्याची रीत पडली आहे. ती जन्मली जर्मनीत. हानेमानचा ‘ऑर्गेनॉन’ १८१० साली प्रसिद्ध झाला. चरक-सुश्रुतांशी तिचा काही संबंध नाही. तीस वेळा शंभरपट पातळ केलेल्या औषधात मूळ द्रव्याचा अंश एकावर साठ शून्ये इतक्या पटींनी विरलेला असतो, म्हणजे व्यवहारात उरतच नाही. ब्रिटनमधील त्याच पशुवैद्य संस्थेने २०१७ साली जाहीर केले, की प्राण्यांवरील होमिओपॅथीच्या वापराला मान्यताप्राप्त पुराव्याचा आधार नाही आणि असे उपचार सिद्ध उपचारांच्या जागी दिले जाऊ नयेत. माणसाच्या बाबतीत निदान श्रद्धेने बरे वाटते असे म्हणता येईल. घोड्याची श्रद्धा कशावर? तेथे बरे वाटते ते मालकाला. लंगडा घोडा आज ‘बराच सुधारला’ असे मालक सांगतो आणि पावलांचा दाब मोजणारे यंत्र कालचाच आकडा दाखविते, हा अनुभव संशोधकांना नवा नाही.

सुया टोचण्याच्या चिनी पद्धतीचा प्रकार तर मोठा मनोरंजक आहे. चीनमध्ये घोड्यांच्या चिकित्सेची स्वतःची जुनी परंपरा होती. यू बंधूंचा अश्वचिकित्सेवरील प्रसिद्ध ग्रंथ १६०८ सालचा. परंतु आज जगभर विकल्या जाणाऱ्या घोड्यांच्या अनेक तक्त्यांवरील रेषा पाश्चात्त्य देशांत १९७०च्या दशकानंतर माणसाच्या तक्त्यांवरून उतरविण्यात आल्या. त्यात घोड्याच्या अंगावर ‘पित्ताशयाची वाहिनी’ही ठळकपणे काढलेली असते. घोड्याला पित्ताशयच नसते! पौर्वात्य ज्ञान म्हणून युरोप-अमेरिकेचा शिक्का मारून आलेला हा माल आपण डोळे झाकून घेतो, आणि पुन्हा वर स्वत्वाच्या गोष्टी करतो. मेकॉलेच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांनी ही मानसिक गुलामीही ओळखावी.

‘पण वनस्पतींनी अपाय तर होत नाही ना?’ हा ठरलेला प्रश्न आहे. होतो. लसूण रक्तशुद्धीसाठी आणि माश्या दूर ठेवण्यासाठी घोड्यांना चारण्याची टूम पाश्चात्त्य देशांत निघाली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका लहानशा प्रयोगात दीर्घकाळ भरपूर लसूण दिलेल्या घोड्यांना रक्तक्षय झाला, तांबड्या पेशींची हानी झाल्याचे स्पष्ट दिसले. मिरचीचे पाहा. २००८च्या ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांवरून उड्या मारण्याच्या स्पर्धेतील चार घोड्यांच्या नमुन्यांत मिरचीतील तिखट द्रव्य, कॅप्सायसिन, सापडल्याने एकाच दिवशी त्यांना निलंबित करण्यात आले. कातडीवर लावलेल्या साध्या वनस्पतिजन्य मलमातही हे द्रव्य असू शकते. ते वेदना शमविते आणि कातडी हुळहुळीही करते, म्हणून त्याला बंदी. जी वनस्पती काहीतरी करू शकते, ती अपायही करू शकते. अपाय मुळीच होणार नाही अशी ज्याची हमी दिली जाते, त्याने उपाय होण्याचीही आशा नसते.

तर मग देशी औषधांना रामराम ठोकावा, असे आमचे म्हणणे आहे काय? मुळीच नाही. आपल्या गुजरात-राजस्थानच्या शेतांतला इसबगोल पाहा. वालुकामय जमिनीवर चरणाऱ्या घोड्यांच्या आतड्यांत वाळू साठते. ती बाहेर काढण्यासाठी जगभरचे पशुवैद्य इसबगोलाचा भुसा वापरतात. त्याचा उपयोग होतो की नाही, यावर प्रयोग झाले आणि त्यांत मतभेदही निघाले. एका प्रयोगात लाभ दिसला नाही. पुढे २०१४ साली फिनलंडमधील संशोधकांनी पोटाची क्ष-किरण छायाचित्रे घेऊन तुलना केली. नुसता इसबगोल किंवा नुसते मॅग्नेशियम सल्फेट यापेक्षा दोन्ही एकत्र, नळीने रोज दिल्यास वाळू अधिक निघते, असे आढळले. अमुक मात्रा, अमुक दिवस, अमुक जोडद्रव्य, इतक्या नेमकेपणाने आज ते सांगता येते. औषध आपले, वापर आपला, पण त्याची परीक्षा झाली हेलसिंकीकडे. ती हिसारला का झाली नाही? परभणीला का नाही?

याचे उत्तर शोधताना एक जुना दुवा हाती लागतो. १८८६ साली मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. त्याच सुमारास कलकत्त्याला कविराज उमेशचंद्र गुप्त यांनी संपादिलेले जयदत्ताचे ‘अश्ववैद्यक’ छापले जात होते. एकाच देशात, एकाच काळात घडलेल्या या दोन गोष्टींची गाठ पडली नाही. महाविद्यालयात इंग्रजी पुस्तके शिकविली गेली, जयदत्त संस्कृतज्ञांच्या कपाटात गेला. १८८९ साली पुण्यात सुरू झालेली आणि पुढे मुक्तेश्वरला गेलेली सरकारी जंतुशास्त्र प्रयोगशाळा तर सर्रा या घोड्यांच्या घातक रोगावर सोमलाचे प्रयोग करीत होती. सोमल काही इंग्रजांनी आपल्याला नव्याने दाखविलेला नव्हता. पण त्या प्रयोगांच्या टेबलावर आपल्या ग्रंथांना बोलावणे गेले नाही. परक्या राज्यकर्त्यांकडून ती अपेक्षाही नव्हती. १९४७ नंतर कोणाची वाट पाहिली गेली? गायीगुरांच्या बाबतीत राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने कासदाहासारख्या रोगांवर परंपरागत वनौषधींचे काम हाती घेतले, त्याच्या नोंदी ठेवल्या, हे स्वागतार्ह आहे. घोड्याच्या वाट्याला तशा तोडीचे काम आलेले दिसत नाही. कदाचित घोडा दूध देत नाही, म्हणून.

गरीब घोडेवाल्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. माथेरानला दस्तुरी नाक्यापलीकडे मोटारींना बंदी आहे. रात्री अकराला तट्टू लोळू लागले, तर घाट चढून कोण येणार? मुंबई-पुण्यासारखी मोजकी ठिकाणे सोडली, तर घोड्याच्या पोटाची शस्त्रक्रिया होणार कोठे आणि तिचा खर्च कोण देणार? एका तट्टावर घर चालविणारा माणूस काढ्याकडे वळतो तो अंधश्रद्धेने नव्हे, नाइलाजाने. त्याला हिणवण्याचा अधिकार शहरी बुद्धिवाद्यांना नाही. मात्र त्याच्या नाइलाजाला ‘प्राचीन विज्ञान’ असे गोंडस नाव देऊन त्यातच त्याला ठेवणाऱ्यांचा अपराध अधिक मोठा आहे. ते नाव दिले, की शासनाची जबाबदारी संपते. डॉक्टर नसला तरी शालिहोत्र आहेच!

ग्लँडर्सच्या बाबतीत ही चैन माणसालाही भोवू शकते. नाकातून पू, अंगावर गाठी आणि व्रण अशी लक्षणे असलेला हा रोग घोड्यापासून माणसाला होतो आणि जीवघेणा ठरू शकतो. २००६ साली तो महाराष्ट्रातही आढळला होता. या रोगावर घोड्याला उपचार करावयाचेच नसतात. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या तपासणीत रोग निश्चित झाला, की कायद्यानुसार घोडा वेदनारहित पद्धतीने मारून पुरावा लागतो आणि मालकाला भरपाई दिली जाते. ती अपुरी किंवा उशिरा मिळेल या भीतीने मालक घोडा लपवितो, व्रणांवर लेप लावतो. त्या लेपाचे समर्थन करणारा कोणीही त्या घोडेवाल्याच्या मुलाबाळांचा हितचिंतक नव्हे.

आणि परंपराच हवी असेल, तर तंजावरकडे पाहा. दुसरे सरफोजीराजे भोसले यांचे राज्य गेले होते, उरला होता किल्ला आणि ग्रंथसंग्रह. त्यांनी धन्वंतरी महाल उभारला. तेथे माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधे सिद्ध केली जात. देशी वैद्य आणि युरोपीय डॉक्टर दोघांचे ज्ञान तेथे एकत्र आले, अनुभवास उतरलेले योग टिपून ठेवले गेले. त्यांच्या नेत्ररुग्णांची टिपणे आजही सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. कोणाचा डोळा, कोणता विकार, काय केले, काय झाले, असे सारे त्यांत आहे. याच ग्रंथालयाने १९५२ साली नकुलाच्या नावावरील ‘अश्वशास्त्र’ प्रसिद्ध केले. इंग्रजांच्या मर्जीवर बसलेल्या एका मराठी राजाला दोनशे वर्षांपूर्वी जे सुचले, ते करावयास आज आपल्याला कोणाची परवानगी लागते?

जयदत्त आणि नकुल यांच्या ग्रंथांतील शूळ, व्रण आणि कृमी यांवरचे योग निवडून काढावेत. द्रव्यांची ओळख आयुर्वेदज्ञांनी आणि वनस्पतिशास्त्रज्ञांनी मिळून निश्चित करावी. मुंबई, परभणी आणि हिसार येथे ते घोड्यांवर पारखले जावेत आणि निकाल, अपयशांसह, मराठीत व हिंदीत छापावे. जे निरुपयोगी ठरेल ते ग्रंथात इतिहास म्हणून राहील, पागेत जाणार नाही. आपल्याकडे गोरक्षण संस्थांसाठी सढळ हाताने देणारी कुटुंबे कमी नाहीत. त्यांनी एका वर्षाची देणगी माथेरान, महाबळेश्वर, पाचगणी येथील तट्टांच्या धनुर्वाताच्या लसीसाठी आणि हंगामात डोंगरावरच मुक्काम करणाऱ्या एका पशुवैद्यासाठी द्यावी. कार्यकर्त्यांनी घोडेवाल्यांच्या वस्तीत जाऊन एवढेच सांगावे, की तट्टू लोळू लागले, पोटाकडे वळून पाहू लागले, लीद बंद झाली, तर तोंडातला चारा काढा, बाटली लावू नका आणि आधी फोन करा. तो फोन उचलणारा माणूस डोंगरावर असेल, अशी व्यवस्था यंदाच्या हंगामापूर्वी व्हावयास हवी.